मागून दोन बोटं उंच

प्रिय वन्सं यांना,

भावजयीचा नमस्कार, पत्रातून जितका वाकून करता येतो तितका. तुमची कंबर आता कशी आहे? तुमच्या यजमानांचं पित्त? धाकटीचा निकाल लागला का, आणि लागला असेल तर विचारण्यासारखा आहे का, की आपण एकदम पुढच्या परीक्षेबद्दलच बोलायचं? इकडे सगळे ठीक आहोत. तुमच्या बंधूंना सर्दी झाली आहे. ते "बघू" म्हणाले आहेत, त्यामुळे तिच्याकडे अजून कोणी बघितलेलं नाही. अक्षर तिरकं आलं आहे त्याबद्दल आधीच माफी मागते. हाताला काही झालेलं नाही. कारण शेवटी सांगते.

तुमचं पत्र पोचलं. बाबांसाठी खिडकीकडची खोली रिकामी केलीत, तिला रंगही दिलात, महिनाअखेरीस त्यांना न्यायला येणार आहात, त्याआधी "त्या गाडीचं काय ते एकदाचं मिटवा" आणि गिऱ्हाईकही तुम्हीच शोधलं आहे, तुमच्या ओळखीचे ते दातांचे डॉक्टर, हे सगळं नीट वाचलं. तुम्ही एखादं काम अंगावर घेतलंत की ते काम जीव मुठीत धरून पळतं, हे मला लग्नापासून माहीत आहे. तुम्ही असंही विचारलं आहे, की गाडीच्या मागच्या चाकांना उंच टायर कोणी बसवले आणि कशासाठी, कारण तुमच्या बंधूंनी फोनवर "मागचे टायर मोठे केलेत, बघू" एवढंच सांगून फोन ठेवला. तर ते मी बसवले. कशासाठी, ते फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. म्हणून लिहिते आहे.

जरा मागून सुरुवात करते. बाबांची सारी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतले काटे तपासण्यात गेली. खोटं वजन दिसलं की जप्त, आणि खरं दिसलं तरी पुन्हा एकदा तपासून मगच खरं. असा माणूस निवृत्त झाला की बाग करील, फार तर कोणाशी तरी भांडण काढील, असं सगळ्यांना वाटलं होतं. बाबांनी लाल रंगाची, दोनच सिटांची, जमिनीला पोट टेकलेली एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. गल्लीत तिला घोरपड म्हणतात. (मी म्हणत नाही, मी फक्त ऐकते.) तुम्ही ती एकदाच पाहिलीत, तीही कव्हर घातलेली, आणि तेवढ्यावरच तुमचं तिच्याबद्दल मत झालं. ते मी खोडून काढत नाही. त्या गाडीत माणूस बसत नाही, पडतो. पडणं सोपं असतं, त्यामुळे आत जाण्याबद्दल कोणाची कधी तक्रार नव्हती. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना बाहेर येणं जड जाऊ लागलं, आणि एक दिवस बँकेसमोर ते अजिबातच जमेना.

आधी शेजारचा चष्मेवाला धावला, मग त्याचं गिऱ्हाईक, मग बँकेचा पहारेकरी, आणि प्रत्येकाने बाबांचा वेगळा अवयव धरला. विहिरीत पडलेलं कोणी काढावं तसं त्यांनी बाबांना वर काढलं, आणि काढल्यावर टाळ्या वाजवल्या. वन्सं, लोकांनी धरलं याचं बाबांना काही वाटलं नसतं. टाळ्यांचं वाटलं. घरी येऊन त्यांनी गाडीवर कव्हर घातलं, "आता पुरे" म्हणाले आणि खिडकीत जाऊन बसले.

इथवरचं तुम्हाला कळवलं होतं, आणि त्यावरूनच तुम्ही खोलीला रंग काढलात. एक गोष्ट मात्र कळवली नव्हती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा तो पितळी काटा तुम्हाला ठाऊक आहे. घरात येणारा जिन्नस आधी काट्यावर जातो आणि मग डब्यात. (चहापूड उकळण्याआधी तिची पडताळणी होते, अशा घरात मी नांदते आहे.) त्या काट्याला मी आजवर मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली. पण त्या आठवड्यात मी साखर आणून ओट्यावर ठेवली आणि बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "असेल बरोबर." बाबांच्या तोंडून "असेल बरोबर" ऐकलं आणि त्या घरात पहिल्यांदाच साखर न तोलता डब्यात गेली.

आता माझं काम पडलं शिवणाचं. माझ्याकडे आलेल्या माणसाला कपडा आखूड झाला तर मी माणसाला घरी बसवत नाही, कपडा सोडवते. मी टेप घेतला, कव्हर वर केलं आणि सिटापासून जमिनीपर्यंत गाडीचं माप घेतलं. मग बाबा ज्या खुर्चीवरून सहज उठतात तिचं घेतलं. फरक पुष्कळ निघाला. पण ठेंगण्या स्टुलाखाली वीट सरकवली तर तेवढ्यानेही उठणाऱ्याला फरक पडतो, तेव्हा गाडीखालीही काहीतरी सरकवता येईल असं मला वाटलं. तुमच्या बंधूंना विचारलं. ते "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे परवानगी, हे मी पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं आहे.

तर "हवा भरून आणतो" असं बाबांना सांगून तुमच्या बंधूंनी गाडी टायरवाल्यांकडे नेली, आणि मी टेप घेऊन मागून चालत गेले. टायरवाल्यांना म्हटलं, चारही चाकांना उंच टायर घाला. त्यांनी पुढच्या चाकाच्या वर हात घालून दाखवला, बोटंही पुरी आत जाईनात. "इथं जागाच नाही, ताई. हँडल वळवलं की टायर पत्र्याला घासणार. मागं बसतील."

"मग मागचेच घाला." (सीट मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यातच असतं. मागचा भाग उचलला की सीट उचललं जाणारच, असा माझा हिशेब होता, आणि तो चुकला नाही हे इथेच लिहून ठेवते.)

"मागून उंच टायर तरुण पोरं घालून घेतात. गाडी आता झेप घेणार असं दिसतं म्हणून. तुम्हाला कशाला हवेत?"

"सासऱ्यांना उतरायला."

ते आत जाऊन टायर शोधू लागले.

गाडी मागून दोन बोटं उंच झाली. गाय उठताना आधी मागचं धड उचलते आणि पुढचे गुडघे अजून जमिनीलाच असतात, त्या वेळी तिला कोणी "थांब" म्हटलं तर ती जशी दिसेल, तशी आपली गाडी दिसू लागली. मागून उचललं की पुढून पडतं, हे निदान मला तरी आधी सुचायला हवं होतं. समोरचे दिवे रस्ता सोडून आपल्याच पायाशी काहीतरी हरवलेलं शोधू लागले, ते टायरवाल्यांनी स्क्रू पिळून वर केले. सिटामागच्या फळीवर ठेवलेली वस्तू आता आपणहून चालवणाऱ्याच्या पायाशी येते. माझं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ ब्रेकखाली सापडलं. तेव्हापासून गाडीत गोल वस्तू न्यायला मनाई आहे, आणि कांदे मी हातातून आणते.

पण बाबांचं सांगते. गाडी फाटकात आली तेव्हा ते खिडकीतून उठून बाहेर आले आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. आत बसले. मग एक पाय बाहेर, दारावर हात, दुसरा पाय, आणि उभे. कोणाचा हात न धरता. पुन्हा बसले आणि पुन्हा उतरले. गल्लीतली माणसं बघत होती, पण टाळ्या वाजवायची कोणाची हिंमत झाली नाही, कारण मी फाटकात कात्री घेऊन उभी होते. (कात्री चुकून हातात राहिली होती.) मला रडू आलं. ते मी आत जाऊन आवरलं.

इथे हे पत्र संपलं असतं तर माझंही अक्षर सरळ आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बाबा गाडी घेऊन हमरस्त्याला गेले आणि तोंड पाडून परत आले. हमरस्त्यावर अंतराचे दगड आहेत, आणि दगडादगडांमधलं अंतर बाबांना पाठ आहे. ते अंतर गाडीच्या मीटरने कमी दाखवलं. बाबा वळून पुन्हा गेले, पुन्हा कमी. वेगही तसाच, असेल त्यापेक्षा कमी. मला ते त्यांनी माझ्याच रिळावर समजावून सांगितलं. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतं. रीळ मोठं असलं की एका फेरीत दोरा जास्त सुटतो. तसंच चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त रस्ता कापते, आणि मीटर बिचारं जुन्या चाकाच्या हिशेबाने कमीच लिहीत बसतं. एवढं सांगून बाबा आपल्या जुन्या पेटीकडे गेले, तार आणि शिशाचं सील काढलं (खोटा काटा जप्त केला की त्याला लावतात ते), आणि गाडीच्या दाराला लावून टाकलं.

"खोटं माप आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, थोडंसंच तर कमी दाखवतंय."

"आजवर प्रत्येक दुकानदार हेच म्हणाला."

"पण यात फसतंय कोण?"

"मी. आणि उद्या पोलिसाने अडवलं तर मी त्याला माझ्याच गाडीतलं खोटं माप दाखवणार. या वयात."

म्हणजे बघा, आधी त्यांना गाडीतून उतरता येत नव्हतं, आणि आता उतरता येत होतं तर ते बसेनात. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशी नकटी आमच्या फाटकात सील लावून उभी होती. तुमचे बंधू म्हणाले, जुने टायर परत लावून बघू. जुने लावावेत तर बाबा आत अडकणार, नवे ठेवावेत तर बाबा आत जाणार नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर. बाबा पुन्हा खिडकीत जाऊन बसले. त्याच दिवशी खोलीला रंग दिल्याचं तुमचं याआधीचं पत्र आलं. ते मी त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "बरं. तिकडेही खिडकी आहे."

ते मला ऐकवेना. मी मशीन थांबवून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, की बाबा, दुकानातला काटा खोटा निघाला तर तुम्ही तो काय भंगारात टाकायचा? म्हणाले, छे, तो दुरुस्त करायचा, पुन्हा पडताळायचा आणि मग सील काढायचं. मी म्हटलं, मग गाडीचं दुसरं काय आहे? बाबा उठले, ओट्यापाशी गेले आणि साखर काट्यावर घातली. साखर एव्हाना अर्धी संपली होती, त्यामुळे त्या वजनातून निष्पन्न काही झालं नाही, पण काटा हलला.

पडताळणीला दोन माणसं लागतात. एकाने गाडी एकाच वेगाने चालवायची, दुसऱ्याने हातात घड्याळ घेऊन या दगडापासून त्या दगडापर्यंतचा वेळ मोजायचा. घड्याळ अर्थातच बाबांकडे. चालवायला आधी तुमचे बंधू बसले. ते ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतात तोही "बघू" म्हणूनच. वेग वाढायचा, कमी व्हायचा, मध्येच त्यांना शिंक यायची. घरी आल्यावर बाबा बराच वेळ माझ्या मशीनपाशी उभे होते. मी एक लांबलचक पडदा शिवत होते. ते पडद्याकडे बघत नव्हते, मशीनच्या मोटरच्या पायट्यावरच्या माझ्या पायाकडे बघत होते.

"सूनबाई, तुझा पाय हलत नाही."

"हलवला तर टीप वाकडी पडते, बाबा."

"तूच चालव."

मी म्हटलं, मला गाडी येत नाही. म्हणाले, शिकवतो. मी शिकाऊ परवाना काढला आणि ते शेजारी बसून शिकवू लागले. (सील ते शिकवण्यापुरतं काढायचे आणि घरी आलं की नवं लावायचे. नियम म्हणजे नियम.) बाबा रागावत नाहीत. चूक झाली की नुसती मोठ्याने वाचून दाखवतात, "क्लच आधी सुटला," "आरसा बघितला नाही," आणि आपण शरमून पुढच्या वेळी बघतो. शिकताना जे सगळ्यांचं होतं ते माझंही झालं. फाटकाला जरा घासलं, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मग एका सकाळी मोकळ्या रस्त्यावर आम्ही पडताळणी केली. बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, पाय हलवायचा नाही. लांब पडद्याची टीप घालते आहे असं मनात धरलं आणि पाय ठेवला. बाबा घड्याळ बघत होते आणि आकडे पुटपुटत होते. वळून आलो आणि तेच पुन्हा, मग वेग वाढवून पुन्हा. घरी आल्यावर त्यांनी आकडेमोड केली आणि मी मीटरच्या काचेवर लाल दोऱ्याचे बारीक तुकडे चिकटवले. काटा ज्या दोऱ्यावर येईल तो खरा वेग, छापलेल्या आकड्याकडे बघायचं नाही. बाबांनी सगळे दोरे भिंग लावून तपासले. एक मला काढून पुन्हा लावायला लावला. मग पक्कड घेऊन सील तोडलं.

तेव्हापासून आम्ही दोघं रोज कुठेतरी जातो. कधी ते चालवतात, कधी मी. भाजीला जातो, माझे शिवलेले कपडे पोचवायला जातो, आणि कुठे नवीन दुकान निघालं असेल तर त्याचा काटा लांबूनच बघायला जातो. तुमच्या बंधूंना गाडीत जागा नाही. ते म्हणाले, बघू.

तर टायरचं हे असं आहे. गाडी विकण्याचं आणि बाबांना तिकडे नेण्याचं म्हणाल, तर तुम्ही थोरल्या आहात, तुम्ही ठरवाल ते योग्यच असेल. मी त्यात काही बोलणार नाही. तुमच्या कंबरेला जपा, यजमानांना तिखट देऊ नका, आणि धाकटीला निकाल कसाही असला तरी मामीचा आशीर्वाद सांगा.

तुमची,
भावजय

ता. क. ते दातांचे डॉक्टर येऊन गेले, हे लिहायचं राहिलं. भले गृहस्थ आहेत. त्यांना गाडी फार आवडली. बाबांनी त्यांना गाडीचा एकेक दोष सांगितला: मीटर, दिवे, रीळ, पुढचा उतार, आणि शिवाय गाडीत अजून नसलेले पण पुढेमागे होऊ शकतील असे आणखी काही. डॉक्टर हसून "चालेल, चालेल" म्हणत राहिले आणि आत जाऊन बसले. मग त्यांना उतरता येईना. (त्यांची उंचीही आहे आणि पोटही.) शेवटी बाबांनीच हात देऊन त्यांना बाहेर काढलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी विचार करून कळवतो म्हणाले आहेत. कळवतील असं वाटत नाही.

पुन्हा ता. क. वन्सं, वर मी काही बोलणार नाही असं लिहिलं आहे, ते खरं नाही. बोलते. बाबांना नेऊ नका. तुम्ही लेक आहात, तुमचा हक्क माझ्याआधीचा, आणि तुम्ही त्यांना फुलासारखं जपाल हे मला ठाऊक आहे. पण तिकडे ते खिडकीत बसतील, रंग कितीही चांगला असला तरी. इकडे त्यांना रोज काहीतरी खोटं सापडतं आणि त्यावर त्यांचा दिवस चांगला जातो. आणि त्यांचं राहू द्या, मला करमायचं नाही. या घरात आल्यापासून मला काही शिकवायला कोणी असं शेजारी बसलं नव्हतं. तुम्ही महिनाअखेरीस या, पण न्यायला म्हणून नको, राहायला म्हणून या. एवढ्यासाठीच हे सगळं टायरपुराण लिहिलं.

आणखी एक. अक्षर तिरकं आहे, कारण हे गाडीत बसून लिहिते आहे, आणि पुढच्या उतारामुळे वही मांडीवरून घसरते. बाबा समोरच्या दुकानात काहीतरी विकत घेण्याचं सोंग करून काटा बघत आहेत. पाकीट चिकटवत नाही. किती तिकिटं लागतील ते बाबा घरी वजन करून सांगतील. काळजी करू नका, ते दुसऱ्याचं पत्र वाचत नाहीत. त्या बाबतीत ते नियमाचे पक्के आहेत.

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे बरोबर आहे. परंतु वजन करताना माझ्या गाडीचा उल्लेख दिसला, आणि गाडी माझी असल्यामुळे तिच्याबद्दलचा तेवढा मजकूर तपासायला घेतला. तो शेवटपर्यंत गाडीबद्दलचाच निघाला. दुरुस्त्या पुढीलप्रमाणे. गाडी "दोन बोटं" उंच झाली असं लिहिलं आहे. बोट हे माप नव्हे, आणि बोटं कोणाची तेही लिहिलेलं नाही. फाटकाला "जरा घासलं" हे बरंच कमी दाखवलं आहे. फाटक नवीन बसवलं आहे. "तुम्ही ठरवाल ते योग्यच" हे खरं नसल्याचं सूनबाईने पुढे स्वतःच कबूल केलं, म्हणून त्यावर कारवाई करत नाही. तिने स्वतःला करमायचं नाही असं लिहिलं आहे. मलाही करमायचं नाही. ते लिहायचं राहिल्यामुळे पत्र तेवढं कमी भरत होतं, ते आता पुरं केलं आहे.

खोलीला रंग दिलास, वाचून फार बरं वाटलं. ती खोली धाकटीला अभ्यासाला दे, निकाल मला फोनवर कळला आहे. तू मात्र ये. स्टेशनवर सूनबाई गाडी घेऊन येईल, तिचा परवाना आता पक्का झाला आहे. सिटं दोनच असल्यामुळे मी घरी थांबेन. तुझ्या कंबरेला उतरायला जड जाणार नाही असं वाटतं. गेलंच तर मी नव्या फाटकात उभा असेन. हात देईन. टाळ्या वाजवणार नाही.

बाबा